शंभर टक्क्यांची शाळा

मुख्याध्यापकांच्या सभेत शिक्षणाधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या निकालाच्या तक्त्यावर पट्टी ठेवली. जिल्ह्यात सगळ्यात वर टेकडीअलीकडच्या हेडमास्तरांची शाळा होती. दहावीचा निकाल शंभर टक्के. सगळ्यात खाली टेकडीपलीकडच्या मुख्याध्यापिका बाईंची. तिथे निम्मी मुलंही पास झाली नव्हती.

"एकाच जिल्ह्यातली पोरं, पुस्तकंही तीच," अधिकारी म्हणाले. "मग सगळे दगड तुमच्याच वाट्याला कसे आले, बाई?"

सभागृहात हशा पिकला. बाई उभ्याच होत्या.

"यंदा शाळेला टाळं लावावं लागेल. हेडमास्तर, तुमची युक्ती जरा सांगा यांना."

हेडमास्तरांची युक्ती साधी होती. नववीत कच्ची निघालेली मुलं ते दहावीत जाऊच देत नसत. पालकांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवायचा. यंदा एक बाप दाखला घेईना. "आई गेल्यापासून पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही, सर. थोडं सांभाळून घ्या," म्हणत दारातच उभा राहिला. हेडमास्तर दरवर्षी सगळ्यांना सांगत तेच त्यालाही म्हणाले, "टेकडीपलीकडे न्या. तिथे कुणालाही घेतात."

एवढं सांगून झालं की त्यांना शांत झोप लागे.

पण आज बाईंचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. आपण टाकलेली पोरं ही बाई सांभाळते आणि वर बोलणीही हीच खाते. तिची शाळा बंद पडली, तर पुढच्या पोरांनी जायचं कुठे?

ते उठले.

"साहेब, दोष बाईंचा नाही. मी काढलेली कच्ची पोरं यांच्याकडे जातात. त्यांच्यामुळे यांचा निकाल पडतो आणि माझा वर राहतो."

अधिकाऱ्यांनी पट्टी खाली ठेवली.

"असं असेल तर टाळं लावणं थांबवता येईल. खरं आहे का हे, बाई?"

नुसती मान हलवली असती तरी शाळा वाचली असती. बाई हेडमास्तरांकडे वळल्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या शाळेतून आमच्याकडे आजवर एकही मूल आलेलं नाही."