छापायला हरकत नाही

"इथे सही करा," म्हणत छापखानेवाल्या रिकलीने कागद पुढे सरकवला.

कागदावर एकच ओळ होती, ‘छापायला हरकत नाही’, आणि खाली सहीसाठी रेघ. ही सही झाल्याशिवाय ओल्टन शहरात कुठलाही छापखाना यंत्राला हात लावत नाही. सहीनंतर चूक निघाली, तर ती सही करणाऱ्याची. फ्रेनी बीरीने बावीस वर्षांत अशा त्रेचाळीस सह्या केल्या होत्या. ही चव्वेचाळिसावी आणि शेवटची.

तिच्या मासिकाचं नाव ‘शीफ’, म्हणजे तिरकं. मासिक म्हणायचं एवढंच, निघायचं वर्षातून दोनदा. झ्युरिक, लाइपझिग, ग्राझ, जिथून येतील तिथून चित्रकथा यायच्या. दुसरं कुणी छापणार नाही अशाच. संवाद नसलेल्या, चौकटी नसलेल्या, एकदा तर चित्रंही नसलेली. अंक पाकिटात भरून पोस्टात नेता नेता फ्रेनीचा उजवा खांदा कायमचा धरला होता. आता पुरे. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘अखेरचा अंक’ असं छापायचं होतं. ते दोन शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते.

टेबलावर कच्च्या छपाईची पानं होती. मुखपृष्ठ वेगळं पडलं होतं, त्यावर तिने आल्या आल्या कॉफीचा कप टेकवला होता. बाहेर नोव्हेंबरचं धुकं. नदीपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि बघायची तिला हौसही नव्हती.

"एवढी वर्षं चालवलंत, आणि आता का बंद?" रिकलीने विचारलं. यंत्रावरून मान वर न करता बोलायची त्याची सवय होती. फ्रेनीची पक्की समजूत होती, की या माणसाला ‘शीफ’ म्हणजे शाईची नासाडी वाटते.

तिला सांगायचं नव्हतं, पण थकलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातं. "एकतिसावा अंक आठवतो? त्यात एक बाई एकटीच कपाट उचलून चार मजले खाली आणते, ती गोष्ट होती. या उन्हाळ्यात जुनी मूळ चित्रं आवरायला काढली, तेव्हा कळलं. चौदावं आणि पंधरावं पान एकमेकांच्या जागी छापलंय. सहा वर्षं झाली, रिकलीसाहेब. चारशे वर्गणीदार. एकाचंही पत्र नाही. म्हणजे बावीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते मी. कुणी वाचतच नाही."

रिकलीने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"ते छपाईत चुकलं नाही," तो म्हणाला. "मी बदललं."

"काय?"

"तुमच्या चित्रकाराने आधी कपाट उघडून रिकामं दाखवलं होतं, मग बाई पायरीवर बसून रडते. तसं नसतं हो. माणूस आधी रडतो, रडायचं कारण त्याला मागून सापडतं. माझी आई गेली तेव्हा मी तिचं कपाट असंच खाली आणलं होतं. दुसऱ्या मजल्यावर रडलो आणि तळाला आल्यावर उघडलं." त्याने नाक पुसलं, नाकाला शाई लागली. "चित्रकाराला कळलं. त्याने किर्श दारूची बाटली पाठवली. वर चिठ्ठी, बाईंना सांगू नका."

फ्रेनीचा आवाज चढला. "मला न विचारता? माझ्या अंकात?"

"विचारलं की. बदललेली पानं तुमच्यापुढेच ठेवली होती, याच टेबलावर. म्हटलं, लक्षात येईल, चार शिव्या द्याल, मग बोलू." रिकली कपाटाकडे गेला, फाइल काढली आणि एक पिवळा पडलेला कागद तिच्यासमोर धरला. ‘छापायला हरकत नाही.’ खाली तिचीच सही, घाईची, तिरकी.

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? उन्हाळ्यापासून ती चारशे माणसांवर रुसून बसली होती, आणि न वाचणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तिचंच निघालं. तिला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

"या अंकातही एक बदल केलाय," रिकली म्हणाला. "सापडला तर सही करू नका."

फ्रेनीने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. चिडून वाचत होती, चूक पकडायचीच म्हणून. आठव्या पानापर्यंत चीड टिकली. मग ग्राझच्या एका मुलीची चार पानांची गोष्ट आली. एक बेडूक शेजाऱ्यांविरुद्ध नगरपालिकेत तक्रार करतो, आणि सगळी तक्रार नुसत्या ठिपक्यांत. फ्रेनी मोठ्याने हसली. हिला पुढच्या वेळी आठ पानं द्यायला हवीत, असं मनात आलं, आणि पुढची वेळ नाही हे आठवून ती क्षणभर थांबली. पुन्हा वाचू लागली. नऊची न्याहारी टळली, बाराचे भोंगेही होऊन गेले. अठ्ठेचाळीस पानं झाली. एक रेघही इकडची तिकडे नव्हती.

म्हातारा थापा मारतोय, असं म्हणत तिने गार कॉफीचा कप उचलला. खाली मुखपृष्ठ होतं. कपाचा गोल डाग, ‘शीफ’, अंक चव्वेचाळीस. आणि कोपरा कोरा. तिच्या हातचे ते दोन लाल शब्द तिथे नव्हते.

ती बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. खांदा ठणकत होता.

"सापडलं?" पाठमोऱ्या रिकलीने विचारलं.

"नाही," फ्रेनी म्हणाली, आणि तिने सही केली.