वरच्या मजल्यावरचा मेडीरोस

दोन जहाजांच्या मधला दोर ताणला गेला, सिनेमाच्या रिळांची पिशवी पलीकडे निघाली, आणि एल्डननं मुकादमाच्या हातातला भोंगा हिसकावला. समोरच्या जहाजाच्या कठड्याला मेडीरोस टेकून उभा होता. गुळगुळीत दाढी, चेहऱ्यावर घरच्या जेवणाचं तेज. ते बघून एल्डननं भोंगा तोंडाला लावला.

दोन्ही जहाजं एकाच साच्यातली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रणगाडे वाहिले, गव्हाची पोती वाहिली, मग नदीत एकमेकांना बांधून गंजत पडली. पुढं रशियाची विमानं येणार अशी हूल उठली, तेव्हा अमेरिकेच्या नौदलानं त्यांना झोपेतून उठवलं, डोक्यावर रडार चढवलं आणि अटलांटिकात एकाच जागी घाण्याच्या बैलासारखं फिरायला लावलं. विमानं काही आली नाहीत. एक जहाज आलं की दुसरं घरी, एवढंच चालू राहिलं.

आता गंमत अशी, की डेव्हिसविलमधल्या एकाच दुमजली घरात वर मेडीरोसचं बिऱ्हाड, खाली एल्डनचं. एक पाण्यावर असला की दुसरा घरी. दोघं त्या घरात एकत्र कधी नसायचेच.

एल्डन घरी जायचा तर गळका नळ बंद.

"मेडीरोसनं केला," त्याची बायको नोरीन सांगायची.

दार करकरायचं थांबलेलं. मेडीरोस. गाडी एका किल्लीत सुरू. मेडीरोस.

"देवमाणूस आहे रे. हाताला काय गुण आहे त्याच्या."

एल्डनला घास गोड लागेना. घरातली हातोडी घरधन्यानं धरावी, बायकोनं धरली तर चारचौघांत नाक कापलं जातं, हे त्याचं जुनं मत. इथं तर शेजारीच हातोडी घेऊन घुसला होता. जहाजावर अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसला, की प्रत्येक ठिपका त्याला पाना घेऊन नोरीनच्या ओट्याखाली वाकलेला मेडीरोस वाटायचा.

म्हणून आज भोंगा.

"ए मेडीरोस, पुन्हा माझ्या स्वैपाकघरात शिरलास तर तंगडं मोडून हातात देईन."

दोन्ही डेकवरची कामं थांबली. आचारीसुद्धा हात पुसत बाहेर आला. मेडीरोस कानापर्यंत लाल झाला आणि त्यानंही भोंगा उचलला.

"आधी तू माझ्या मोरीतून बाहेर नीघ. मोरी तुंबली की एल्डन, काच फुटली की एल्डन. माझी लिडिया दिवसभर तुझीच आरती ओवाळते. घरी आलो की माझा चहासुद्धा कडू होतो."

डेकवर हशा पिकला. एल्डनचा भोंगा खाली आला. वरच्या मजल्याचं दार त्यानं आजवर वाजवलंही नव्हतं.

"बघा, चोराच्या उलट्या बोंबा," तो मुकादमाला म्हणाला.

"तू काच बसवतोस?" मुकादमानं त्याला खालीवर न्याहाळलं. "तुला अजून दोराची गाठ धड मारता येत नाही, लेका."

रिळं पोचली, दोर सुटला. एल्डनचं जहाज बैलगाडीच्या चालीनं घराकडे निघालं. वाटभर तो एकटाच पुटपुटत होता. चोरी स्वतः करायची आणि वर माझ्यावर ढकलायची.

घरी नोरीननं तळलेले शिंपले वाढले. मागच्या सुट्टीत आठवडाभर गुरगुरणारा बॉयलर आता मांजरासारखा गप्प होता.

"मेडीरोस?" एल्डननं विचारलं.

"जायच्या आदल्या दिवशी," अंगठ्याची पट्टी सावरत नोरीन म्हणाली. "तू खा ना."

तो खाणार, तेवढ्यात वर ठोकाठोक सुरू झाली. जोरकस, सरावाच्या हातानं. एल्डनचा घास हातातच राहिला. मेडीरोस तर समुद्रात, यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेला. वर लिडियाशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"वर कोण ठोकतंय?"

नोरीननं छताकडे बघितलं आणि त्याच्या ताटात आणखी दोन शिंपले टाकले.

"तू," ती म्हणाली. "लिडियाला फळ्या लावून देतोयस. संध्याकाळपर्यंत होईल तुझं."