बाबांचा हात बसला

"आज सात!" बाबांनी दारातूनच ओरडून सांगितलं, माशांची बादली ओट्याखाली ठेवली आणि शीळ घालत ते बाथरूममध्ये शिरले. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, आंघोळीलाही उठत नसे. मग डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात बाबा गळ घेऊन नदीवर जायला लागले आणि आता भेटेल त्याला सांगतात, "हात बसलाय माझा."

मी आईपुढे पेपर धरला. "हे वाच. या गोळ्यांचा अंश लघवीतून गटारात जातो आणि गटारातून नदीत. त्याने म्हणे मासे निर्धास्त होतात, कशालाच भीत नाहीत. अगं, हात कसला बसतोय! मासेच आपणहून गळाला लागतायत. सांगू या का बाबांना?"

आईने पेपर हिसकावून जमिनीवर पसरला आणि त्यावरच मासे साफ करायला घेतले.

"खबरदार एक अक्षर बोललीस तर! ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि डॉक्टर डोस वाढवतील."

"वाढवू देत ना. त्यात काय?"

आत फ्लशचा आवाज झाला.

"त्यात काय?" आई म्हणाली. "मग मासे गळाची वाट बघत बसणार नाहीत. जिना चढून येतील आणि बेल वाजवतील. दार उघडायला मीच, आणि साफ करायलाही मीच!"