पिवळं कुलूप

"नाही उचललात तर काय होईल?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

टेबलावर फोन थरथरत होता. कारखान्यातूनच असणार, दुसरं कोण! फोरमनचा हात आपसूक पुढे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे दादा म्हणत. कित्येक महिने दादाची झोप उडाली होती. जेवणावरची वासना गेली होती. टार्गेटचं नुसतं नाव निघालं की छातीत धडधडायचं. बाथरूममध्ये नळ सोडून तो रडायचा. शेवटी बायकोनेच हाताला धरून इथे आणलं. कारखान्यात मात्र त्याने दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून थाप मारली होती. "दादा, तोंडात एखादा दात शिल्लक आहे का?" असं वेल्डर मोठ्याने विचारायचा आणि अख्खं वर्कशॉप खिदळायचं.

"आणि यंत्रात हात घातलेला असताना कुणी बटण दाबलं तर?" बाईंनी पुढे विचारलं.

"छे हो! आधी स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. प्रत्येकाच्या कुलपाचा रंग वेगळा. वर लाल पाटी, 'माणूस आत आहे'. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. ज्याचं त्यानेच काढायचं. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"मग इथे येताना?"

दादाने फोन बंद केला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटातलं सगळं बोलला.

पुढच्या गुरुवारी फोन केबिनमध्येच ठेवून त्याने दाराला आपलं निळं कुलूप घातलं आणि वर लाल पाटी टांगली.

"निघाली स्वारी दातांच्या डॉक्टरकडे!" वेल्डर ओरडला.

"दात ठणठणीत आहेत माझे," दादाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मनाच्या डॉक्टरकडे चाललोय. माझी दुरुस्ती चालू आहे. तोवर मला कुणी शोधायचं नाही."

वर्कशॉप चिडीचूप झालं. एकटा वेल्डर तेवढा खो खो हसला.

दादा परतला तेव्हा केबिनसमोर मॅनेजरसाहेब लालबुंद होऊन उभे होते. आत फोन वाजत होता. दादाने शांतपणे आपलं निळं कुलूप काढलं. तरी दार उघडेना. कोयंड्यात आणखी एक कुलूप होतं. पिवळं.

पिवळं वेल्डरचं, हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं. तो कोपऱ्यात पाठ करून उभा होता. मान खाली, खांदे गदगदत होते. दादाच्या काळजात चर्र झालं. किती दिवस हा हसत होता!

"कुणाचा हा चावटपणा? हातोडा आणा, तोडा ते!" साहेब कडाडले.

दादा दाराला पाठ लावून उभा राहिला.

"तोडायचं नाही, साहेब. माणूस आत आहे."