देवाच्या फळाचा दोरा

बहात्तरच्या दुष्काळात, सोलापुरात, भांडी घासल्याचं पाणी घालून मी परसातली टमाटी जगवली. पहिलं फळ देवाचं. त्याच्या देठाला सात गाठींचा लाल दोरा बांधायचा, रोज सकाळी हलकेच दाबून पाहायचं आणि पिकलं की तोडायचं.

त्या सकाळी फळही नव्हतं, दोराही नव्हता. माझं डोकंच फिरलं. मी तडक शेजारणीच्या दारात गेले.

"गोजरे, देवाच्या फळाला हात लावताना लाज न्हाय वाटली?"

"माज्यावर कशाला आळ घेतीस, वच्छला? दोरा तर तुज्याच हाताला हाय की."

माझ्या मनगटावर सात गाठी होत्या. मी ओरबाडल्या, दातांनी ओढल्या. एकही सुटेना.

"कुणी बांधला ह्यो?" मी ओरडले.

समोर गोजरबाई एकटीच उभी होती.

मागून कुणीतरी माझा दंड हलकेच दाबून पाहिला.