डावी पाकळी

आमच्या गावदेवीला कौल लावताना गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

माझ्या धाकट्या जावेला, ऋजुताला, देवी लगेच उत्तर देते. विहिरीला पाणी लागेल का, मुलाला नोकरी मिळेल का. गुरवाचं बोलणं संपायच्या आत पाकळी खाली. माझ्या वेळी दोन्ही पाकळ्या सुकेपर्यंत तशाच. नवरा आजारी होता तेव्हाही तशाच. तो गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

"वहिनी, मनापासून विचारा हो," ऋजुता म्हणायची. तिचं ते 'हो' मला डाचायचं.

काल दुपारी ती मुलाच्या लग्नाचा कौल घ्यायला निघाली, तशी मीही गेले आणि मुद्दाम तिच्या पुढे उभी राहिले.

"काय गाऱ्हाणं घालू?" गुरवाने विचारलं.

"देवी आहे का, एवढंच विचारा."

गुरव अडखळला, पण त्याने विचारलं. त्याच क्षणी डावी पाकळी पडली.

आधी मला आनंदच झाला. मलाही उत्तर मिळालं होतं, तेही ऋजुताहून लवकर! मी वळून तोऱ्यात तिच्याकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"वहिनी, ती नाही, तर मग हे उत्तर दिलं कुणी?"

गुरव गाभाऱ्यात होता, ऋजुता माझ्यासमोर. देवळात चौथं कुणी नव्हतं. तरी माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी गार, ओलं येऊन चिकटलं.

मग डाव्या.