कॉलरच्या आत चार थेंब

चहा चाखायच्या खोलीच्या दारातच ताईंनी त्याला अडवलं. पंधरा वर्षं त्याच्यासाठी कप मांडणाऱ्या बाई त्या, पण आज दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, अंगाला काय लावून आलात?"

काहीच नाही, असं तो वैतागून म्हणाला. या खोलीत अत्तर, वासाचा साबण, कच्चा कांदा, काही म्हणता काही चालत नाही, हे नव्या माणसांना तोच तर दटावून सांगायचा. एवढ्यात आतून मोठे साहेब आले आणि तेही लांबच थांबले. लॅव्हेंडरचं तेल आहे, तुम्ही जिना चढत होतात तेव्हाच मला आला वास, असं ते म्हणाले.

त्याचं डोकंच फिरलं. हे काम कुणाचं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

गेला दीड महिना चमचा तोंडाशी नेला की त्याची छाती धडधडायची, हात कापायचे, आणि पहिल्या प्रतीचा चहा तो तिसऱ्या प्रतीत ढकलून मोकळा व्हायचा. दोनदा माल परत आला, दोनदा त्यानं बोलणी खाल्ली. डॉक्टर म्हणाले, मनाची धास्ती आहे, धास्तीनं माणसाची चवही जाते. त्याला ते लगेच पटलं, कारण धास्ती आज ना उद्या जाईल. मग मेहुणीनं सुगंधी तेलांच्या बाटल्या आणून दिल्या. तिला जगातलं सगळं कळतं. नुसता वास घेतला की जीव शांत होतो, त्याचे प्रयोगसुद्धा झालेत म्हणे. त्यानं बायकोला निक्षून सांगितलं, की नाकावर पोट भरणाऱ्याच्या घरात यातली एकही बाटली उघडायची नाही. तसाही हल्ली तो तिच्यावर सारखा खेकसायचा. भाजी अळणी, कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, एक ना दोन, शंभर तक्रारी.

आणि नेमके आजच साहेबांनी त्याच्यासाठी बारा कप मांडले होते. बारा चहा ओळखले तर त्याची जागा त्याची, नाहीतर उद्यापासून गोदामात जाऊन खोक्यांवर शिक्के मारायचे.

त्यानं व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला आणि बायकोनं तो उचलताच तोंडाचा पट्टा सोडला. स्वतःच्या नवऱ्याच्या पोटावर पाय देतेस, तुझ्या बहिणीची अक्कल तिच्यापाशीच ठेव, आता मी आत जाऊ कसा? बायकोनं कबूल केलं. इस्त्री झाल्यावर लावलं होतं, कॉलरच्या आत, चारच थेंब. आज परीक्षा आहे, निदान तिथं तरी तुमचे हात कापू नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"मी नको म्हटलेलं असताना?"

"भीतच लावलं हो," ती म्हणाली. "पण तुम्ही शर्ट घातलात, बटणं लावलीत, माझ्यासमोर बसून नाश्ता केलात. अवाक्षर काढलं नाहीत. मला वाटलं, आवडला असेल वास."

त्यानं कॉलर ओढून नाकाशी धरली आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला, छाती दुखेपर्यंत. कापड नाकाला ऊन लागत होतं, बाकी काही नाही.

ऐकताय ना, असं ती विचारत होती. त्यानं फोन ठेवला. दीड महिना सगळे मिळून त्याच्या धास्तीवर औषध शोधत होते आणि तोही त्यांच्यातलाच एक. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आता चिडायचं तरी कुणावर, तेच त्याला कळेना.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. माणूस तसा भला. घरी भांडू नका, त्या बिचारीनं मायेनंच केलं असेल, चार थेंबांनी काही आभाळ कोसळत नाही, असं ते समजावत राहिले. आज घरी जा, उद्या धुतलेला शर्ट घालून या, कप पुन्हा मांडू, असंही म्हणाले.

"उद्याही नको, साहेब."

"का?"

"अख्ख्या मजल्याला वास आला," तो म्हणाला. "मला नाही आला."